पिशवी निघाल्यानंतरचे जेवण: आतड्याला पुन्हा कामाला लावताना

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मल गोळा करण्यासाठी माझ्या थोरल्या भावाच्या पोटावर लावलेली पिशवी शिगम्याच्या सुमारास निघाली आणि तो फोंड्याजवळच्या आमच्या घरी परतला, तेव्हा आता सगळे पूर्वीसारखे झाले असाच आम्हा सर्वांचा समज होता. त्या आनंदात पहिल्याच रविवारी घरात कोंबडीची शाकुती शिजली. त्याने हट्टाने चार घास खाल्ले आणि ती रात्र त्याने जवळजवळ पूर्ण शौचालयात काढली. घाबरून आम्ही दुसरे टोक गाठले आणि पुढचा महिनाभर त्याला पेज, मीठ आणि क्वचित साखर-पाव याखेरीज काही दिले नाही. पोट काहीसे शांत झाले खरे, पण वजन उतरले, जिना चढताना दम लागू लागला आणि पोटावरची जखम रेंगाळली. पुढे आहारतज्ज्ञांनी समजावून सांगितल्यावर कळले की आमच्या दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. ही शस्त्रक्रिया नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. त्या वेळी हाती असायला हवे होते ते इथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथले काही आणि आपल्या शल्यविशारदांनी सांगितलेले काही यांत फरक पडला तर त्यांचेच ऐकावे.

प्रथम आतड्याचे काम पाहू. आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते आणि अन्नातले बहुतेक पोषण तिथेच रक्तात शोषले जाते. त्यानंतर येणारे मोठे आतडे सुमारे दीड मीटरचे असते आणि त्याचे मुख्य काम पाणी व क्षार परत मिळवण्याचे असते. दिवसाकाठी साधारण दीड लिटर पातळ ऐवज लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात उतरतो आणि शौचावाटे मात्र त्यातले शंभर-दोनशे मिलिलिटर पाणीच बाहेर पडते, म्हणजे उरलेले सगळे शरीर वाचवते. इलिओस्टोमी करताना लहान आतड्याचा शेवटचा भाग, ज्याला इलियम म्हणतात, पोटाच्या त्वचेवर काढून तिथे पिशवी लावली जाते. मोठे आतडे तेव्हा वाटेतून वगळले जाते. म्हणूनच पिशवीत येणारा मल पातळ पेजेसारखा असतो, आणि पिशवी असताना मीठ-पाण्याची इतकी काळजी घ्यावी लागते तीही यामुळेच.

ही पिशवी बहुतेकदा तात्पुरती असते. गुदाशयाच्या कर्करोगात रोगट भाग काढून आतड्याची दोन टोके खाली खोलवर जोडली जातात. तो जोड पक्का होईपर्यंत त्यावरून मल जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला हा वळसा काढून ठेवतात. जोड भरून आल्याची खात्री औषध सोडून काढलेल्या एक्स-रेने किंवा दुर्बिणीने करून घेतल्यावर पिशवी काढायचे ठरते. त्याला किमान आठ ते बारा आठवडे तरी लागतात आणि मध्ये केमोथेरपी असेल तर सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आधीच्या मानाने लहान असते. त्वचेवर आणलेली आतड्याची टोके सोडवून एकमेकांना जोडतात आणि पोटात परत ठेवतात. ज्यांचे मोठे आतडे पूर्ण काढून लहान आतड्याचीच आत पिशवी शिवलेली असते, त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना दिवसातून अनेकदा मऊसर शौच होणे हे कायमचेच असते. इथले बरेचसे त्यांनाही लागू पडेल, तरी त्यांनी आकड्यांची तुलना इतरांशी करू नये.

आता कळीचा मुद्दा. रस्ता जोडला गेला, तरी त्या रस्त्याचा पुढचा भाग कित्येक महिने बंद पडून होता. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण मुख्यतः आतड्यातले जिवाणू अन्नातल्या चोथ्यापासून जी आम्ले तयार करतात त्यांवर होते. मलच येत नसेल तर या पेशींची उपासमार होते, अस्तर नाजूक होते, कधी सुजते आणि त्यातून चिकट स्राव येतो. गुदद्वाराभोवतीचा मल धरून ठेवणारा स्नायूही तेवढा काळ कामाविना सैल पडलेला असतो. शिवाय गुदाशयाचा मोठा भाग काढला असेल तर मल साठवायची जागाच लहान झालेली असते, आणि रेडिएशन झाले असेल तर उरलेली जागा ताठर झालेली असते. अशा आतड्यात पहिल्यांदा मल उतरतो तेव्हा ते तो नीट घट्ट करू शकत नाही आणि फार वेळ धरूनही ठेवू शकत नाही. सुरुवातीचे जुलाब, घाई, थोडेथोडे पुन्हा पुन्हा होणे हे सगळे इथून येते. बहुतेक वेळा जोड बिघडल्याची ती खूण नसते. हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवले तर रुग्ण पुष्कळ अपराधीपणातून वाचतो.

रुग्णालयातले दिवस बहुधा तीन ते पाच असतात. हात लावलेले आतडे काही काळ स्तब्ध होते. ते हलू लागले की वात सरतो, भूक लागते आणि मग शौचास होते. पूर्वी वात सरेपर्यंत पाण्याचा घोटही देत नसत. आता पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी घोट घोट पाणी आणि दुसऱ्या दिवशी हलके अन्न सुरू करतात. काही जणांत आतडे अधिक दिवस स्तब्ध राहते, पोट फुगते आणि उलट्या होतात. तेव्हा तोंडाने देणे थांबवून सलाईन लावतात आणि बहुधा काही दिवसांत गाडी मार्गाला लागते. या काळात रुग्णाला स्वतःला करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे खाटेवरून उठून चालणे. वॉर्डाच्या लांबीएवढे चालणे दिवसातून चार-पाच वेळा झाले तरी आतडे जागे व्हायला मदत होते आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो.

घरी आल्यावर पहिले दोन ते चार आठवडे, काहींना सहा आठवडेही, कमी चोथ्याचे, मऊ आणि नीट शिजलेले अन्न ठेवायचे असते. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे असे पाच-सहा वेळा खावे आणि प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावावा. याला आपल्या स्वयंपाकघरात फार वेगळे काही आणावे लागत नाही. गुरगुट्या भात, गाळलेल्या मूगडाळीचे वरण, दहीभात, उकडून कुस्करलेला बटाटा, साल व बिया काढून शिजवलेला दुधी, उकडलेले अंडे, चांगले पिकलेले रसबाळीचे केळे, नाचणीचे गाळलेले सत्त्व, रव्याची पातळ खीर यांवर सुरुवात उत्तम होते. पावाच्या बाबतीत मात्र गोव्यात एक खाचखळगा आहे. साधा मऊ पाव किंवा त्याचा भाजलेला तुकडा चालतो, पण कोंडा लावलेली पोई, जी एरवी आरोग्यदायी म्हणून आपण आवर्जून घेतो, ती या आठवड्यांत बाजूला ठेवावी. उकड्या तांदळाची पेजही सुरुवातीला शिते मऊ फुटेपर्यंत शिजवून घ्यावी.

पेजेविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण तिच्यावर आपला अतोनात विश्वास आहे. ताप असो, बाळंतपण असो की शस्त्रक्रिया, गोव्यातल्या घरात आधी पेज चढते. ती पचायला सोपी असते, पाणी आणि मीठ देते, पोटाला ऊब देते. हे सगळे खरे, पण तिच्यात प्रथिने अगदी थोडी असतात. मोठी वाटी पेज प्यायल्यावर जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला आणि झिजलेले स्नायू परत यायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात आणि शंभर ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीत अठरा ते वीस. हा हिशोब मांडला तेव्हा आमचा महिनाभराचा पथ्यपाण्याचा अभिमान क्षणात उतरला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. बाकीच्यांनी पेजेबरोबर अंडे, मासा, दही, पनीर किंवा मऊ वरण यांपैकी काहीतरी प्रत्येक खेपेला ताटात येईल असे पाहावे.

मासळी हे या बाबतीत आपले मोठे भाग्य आहे. आजारी माणसाला मुडदुशी द्यावी असे आमची आजी सांगत असे, आणि ते या रुग्णांना तंतोतंत लागू पडते, कारण तिचे मांस पांढरे, मऊ आणि कमी तेलाचे असते. लेपो, चणक, इस्वण हेही चालतात. काटे मात्र डोळ्यांत तेल घालून काढावेत. मासा वाफवावा किंवा हळद-मीठ लावून थोड्या पाण्यात शिजवावा. रवा लावून तळलेला तुकडा काही आठवड्यांनी खावा. बांगडा आणि तारले चांगलेच, पण त्यांत तेल जास्त आणि बारीक काटे पुष्कळ, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यात घ्यावेत. तिसऱ्या, शिनाणे आणि खुबे यांची घाई करू नये. जराशी शिळी शिंपली निरोगी माणसालाही आडवे पाडते, मग नुकत्या जोडलेल्या आतड्याची काय कथा.

खरी अडचण नारळाची आहे. आपले हुमण (माशाची आमटी) नारळाशिवाय होत नाही, तोंडाक (कडधान्याची आमटी) होत नाही, गोडधोडही होत नाही. परंतु खवलेल्या खोबऱ्याचा चोथा आतड्यात जवळजवळ न पचता पुढे सरकतो आणि नुकत्याच जोडलेल्या, किंचित सुजलेल्या जागी तो अडकण्याची भीती असते. त्यामुळे सुरुवातीला खोबरे थेट खाऊ नये. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पोट शांत असेल तर, वाटणाचा रस पातळ फडक्यातून गाळून त्याचे सौम्य हुमण करून पाहावे. रसात स्निग्धांश असतोच, म्हणून तोही पहिल्यांदा दोन चमचे. सोलकढीला हाच न्याय लावावा आणि तिच्यातली मिरची व लसूण वगळावी. गाळलेल्या रसाचा त्रास होत नाही असे ठरल्यावर बारीक वाटलेले खोबरे, आणि सगळ्यात शेवटी खवलेले, असा क्रम आम्ही ठेवला. काजू, शेंगदाणे, मका, अळंबी, अननस, फणसाचे गरे, शेवग्याच्या शेंगा, बांबूचे कोंब, तांबडी भाजी, कच्च्या कोशिंबिरी, सालासकटची फळे हेही याच कारणाने पहिले सहा आठवडे दूर ठेवण्याच्या यादीत येतात. अळसांद्याचे किंवा चण्याचे तोंडाक, मुगागाठी, कोबी आणि कच्चा कांदा यांनी गॅस फार होतो. मिरचीचे दुखणे निराळेच आहे, कारण तिच्यातला तिखट अंश काही प्रमाणात तसाच बाहेर पडतो आणि आधीच सोललेल्या त्वचेला झोंबतो. शाकुतीच्या त्या रात्रीने आम्हाला ते शिकवले. दूधही काहींना काही काळ पचत नाही. तसे असेल तर दह्यावर राहावे आणि दूध महिन्याने पुन्हा थोडेसे घेऊन पाहावे.

ही यादी वाचून कोणी घाबरू नये आणि ती कायमची आहे असे तर मुळीच समजू नये. मी इथे सर्वाधिक आग्रहाने सांगेन ते हे की जे अन्न आज वगळले आहे ते परत आणण्याची तारीखही ठरवून ठेवावी. मोठ्या आतड्याचे अस्तर चोथ्यापासून तयार होणाऱ्या आम्लांवर जगते हे वर सांगितलेच आहे. म्हणजे वर्षभर निव्वळ भात-दह्यावर राहिलेला माणूस आपल्या आतड्याला बरे होण्याचे साधनच देत नाही. चोथ्याचे दोन प्रकार ध्यानात घेतले तर वाट सोपी होते. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा चोथा, म्हणजे दुधी, उकडलेले गाजर, पिकलेले केळे, ओट्स, सोललेले शिजवलेले सफरचंद यांतला, मलाला बांधतो आणि तो आधी परत आणावा. दोरे, साली आणि कोंडा यांतला न विरघळणारा चोथा मलाला ढकलतो, म्हणून तो मागाहून आणावा.

परत आणताना एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडा, सकाळी किंवा दुपारी खावा आणि दोन-तीन दिवस परिणाम पाहावा. रात्री नवा प्रयोग करू नये. आम्ही शाळकरी वही घेऊन तिच्यात काय खाल्ले, किती वाजता, किती वेळा जावे लागले, पातळ की मऊ, रात्री उठावे लागले का, एवढ्याच नोंदी ठेवल्या. पंधरा दिवसांत वहीने दोन गोष्टी दाखवल्या ज्या आमच्यापैकी कोणालाही सुचल्या नव्हत्या. दह्याने त्याला काहीच होत नव्हते, त्रास होत होता तो सकाळच्या दोन कप कडक चहाचा. आणि संध्याकाळी सातनंतर जेवले की रात्रीच्या खेपा वाढत होत्या. एखादा पदार्थ एकदा बाधला म्हणून तो कायमचा खोडून टाकू नये. महिन्याने त्याला पुन्हा संधी द्यावी, कारण आतडे तेवढ्या अवधीत पुढे सरकलेले असते.

पाण्याच्या बाबतीत आपल्या हवामानाची आठवण ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात नुसते बसले तरी घाम निथळतो आणि त्यात पातळ शौच चालू असेल तर शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. अशा वेळी नुसते साधे पाणी पीत राहिले तर मिठाची तूट भरून निघत नाही आणि थकवा, पायात गोळे, चक्कर सुरू होते. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट घेणे हा उत्तम उपाय आहे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा आणि मिठाचे माप कधीही अंदाजाने वाढवू नये. शहाळ्याचे पाणी चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते, म्हणून जुलाबात एकट्या शहाळ्यावर विसंबू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय पिऊच नये, आणि रक्तदाब किंवा हृदयाचे औषध चालू असणाऱ्यांनी मिठाविषयीही विचारून घ्यावे. कॉफी, फेसाळ थंड पेये आणि डबाबंद रस यांनी जुलाब वाढतात. हुर्राक आणि फेणी यांना या काळात थारा नाही. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरते आहे असे समजावे. ती गडद आणि थोडी होऊ लागली की सावध व्हावे. साखरविरहित गोळ्या आणि च्युइंगमसुद्धा तपासून घ्यावीत, कारण त्यांतली सॉर्बिटॉलसारखी गोडी स्वतःच जुलाब करते.

शौचाच्या सवयीविषयी लोक मोकळेपणाने बोलत नाहीत आणि म्हणूनच एकटे पडतात. गुदाशयाचा भाग काढलेल्यांना पहिल्या आठवड्यांत दिवसातून आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक, जावे लागणे असामान्य नाही. एकदा जाऊन आल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा, मग पुन्हा, असे हप्त्याहप्त्याने होते. कळ आली की थांबता येत नाही, वात आहे की मल हे ओळखता येत नाही, कधी कपड्याला डाग लागतो. या सगळ्या लक्षणसमूहाला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत, त्यामुळे ‘हे आता असेच चालायचे’ असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. सुधारणा पहिल्या वर्षात सर्वाधिक होते आणि दुसऱ्या वर्षातही होत राहते. ती सरळ रेषेत मात्र होत नाही. चार चांगल्या दिवसांनंतर एक वाईट दिवस येतोच आणि त्या दिवशी वहीतली महिन्यापूर्वीची पाने उघडून पाहावीत.

जेवणानंतर मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते. या नैसर्गिक प्रतिक्षेपाचा उपयोग करून न्याहारीनंतर दहा मिनिटे शांतपणे बसण्याची सवय लावावी. कमोड असेल तर पायाखाली लहान पाट घेऊन थोडे पुढे वाकून बसावे आणि कुंथू नये. जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम सुरू करता येतात. वात अडवून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ताठ करायच्या नाहीत. हे जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतले तर चुका टळतात, आणि फळ दिसायला दोन-तीन महिने लागतात हे आधीच मनाशी धरावे.

औषधांपैकी लोपेरामाइड हे आतड्याची गती कमी करणारे औषध पुष्कळांना देतात आणि ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतले तर अधिक उपयोगी पडते. पण ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. पोट फुगलेले असताना, उलट्या, ताप किंवा रक्त असताना ते घेणे धोक्याचे आहे. इसबगोलाविषयी आपला समज असा की ते पोट साफ करते. ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे बेताच्या पाण्यात घेतल्यास पातळ मलाला आकार देते. तरीही ते कधीपासून, किती आणि किती पाण्यातून घ्यायचे हे शल्यविशारदांनी सांगावे, कारण जोड ताजा असताना फुगणारा चोथा अडथळा करू शकतो. इलियमचा बराच भाग काढावा लागला असेल तर आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पित्तातली आम्ले तिथेच परत शोषली जातात, ती तशी शोषली न गेल्यास पिवळसर, जळजळणारे जुलाब होतात आणि त्यावर वेगळे औषध आहे. ब-१२ जीवनसत्त्वही तिथेच शोषले जाते, त्याची कमतरता सावकाश, कित्येक महिन्यांनी दिसते.

वारंवार शौचामुळे त्वचा सोलवटणे हा छोटा वाटणारा पण माणसाला रडवणारा त्रास आहे. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवावे, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ थरात लावावे. सुगंधी साबण व ओले टिश्यू (वेट वाइप्स) टाळावेत. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवसापासून मलम लावले तर पुष्कळ वाचते.

पिशवीच्या जागची जखम पुष्कळदा पूर्ण शिवत नाहीत. कडेने टाका ओढून मध्ये छोटे भोक मुद्दाम ठेवतात, म्हणजे आतला स्राव बाहेर येतो आणि संसर्ग कमी होतो. ती आतून वर भरत येते आणि त्याला काही आठवडे लागतात, तोवर ड्रेसिंग चालू राहते. त्या जागी पोटाची भिंत कमकुवत असते आणि पुढे हर्निया होऊ शकतो, म्हणून साधारण सहा आठवडे जड उचलू नये. विहिरीतून भरलेली कळशी ओढणे, गॅसचा सिलिंडर सरकवणे, पावसाआधी सरपण रचणे ही आपल्याकडची नेहमीची कामे नेमकी याच प्रकारची आहेत. ती घरातल्या दुसऱ्या कोणीतरी न मागता उचलावीत. खोकला आला तर जागेवर उशी दाबून धरावी. स्कूटर चालवणे डॉक्टरांनी होकार दिल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नसेल तेव्हाच सुरू करावे. खड्ड्यांच्या रस्त्यांवर मागे बसणेही सुरुवातीला टाळलेले बरे.

काही लक्षणे दिसली तर वही, पथ्य, घरगुती उपाय सगळे बाजूला ठेवून त्वरित रुग्णालयात जावे. ताप ३८ अंश सेल्सियसच्या, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटच्या वर जाणे, पोट फुगून कळा येणे आणि त्याबरोबर उलट्या होणे, वात आणि शौच दोन्ही बंद पडणे, जखमेतून पू किंवा मलासारखा स्राव येणे, शौचातून ताजे रक्त पुष्कळ जाणे, लघवी जवळजवळ थांबणे, एका पोटरीला सूज व दुखणे किंवा अचानक धाप लागणे यांपैकी कशातही सकाळ होण्याची वाट पाहू नये. प्रतिजैविकांनंतर अचानक जुलाब फार वाढले तर तेही कळवावे, कारण त्यामागे वेगळा जंतुसंसर्ग असू शकतो.

बाहेर पडणे हा पुढचा टप्पा, आणि तिथे पुष्कळ जण एक घातक युक्ती करतात. कदंबाच्या बसने पणजीला जायचे, लग्नाला जायचे, म्हणून आदल्या संध्याकाळपासून काहीच खात नाहीत. रिकाम्या आतड्यात वात आणि स्राव तरीही असतोच, खेपा थांबतातच असे नाही, आणि अशक्तपणा तेवढा हमखास येतो. त्यापेक्षा निघण्याआधी तीन तास थोडे ठरलेले, पचणारे अन्न खावे, न्याहारीनंतरची बैठक उरकून घ्यावी आणि सोबतच्या थैलीत जादा कपडे, पॅड, मलम, पाण्याची बाटली ठेवावी. वाटेत शौचालय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवले की निम्मी धास्ती तिथेच संपते. माझा भाऊ पहिल्यांदा फक्त देवळापर्यंत गेला, मग बाजारात, मग म्हापशाला. प्रत्येक वेळी अंतर थोडे वाढवले.

चवथ (गणेशचतुर्थी) आली तेव्हा सहा महिने होत आले होते. हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडल्या होत्या आणि आत चून होता गूळ-खोबऱ्याचा, म्हणजे वहीत सर्वांत शेवटी ठेवलेला पदार्थ. त्याने दुपारच्या जेवणात एक घेतली आणि बराच वेळ चावून खाल्ली. खतखत्यातली नीरफणसाची एक मऊ फोड घेतली, मक्याचे तुकडे बाजूला काढले. शौचाच्या खेपा तोवर दिवसाला तीन-चारवर आल्या होत्या. रात्री झोपण्यापूर्वी वहिनीने वही काढून लिहिले: पातोळी, एक, दुपारी दीड वाजता, त्रास नाही.